अंदमान, चौघी आणि भिशीचे पैसे

अंदमानहून परत येऊन महिना झाला. हिशोबाची वही समोर आहे. खाऱ्या पाण्याने तिचे कोपरे फुगलेत, पण आकडे वाचता येतात. जाण्याआधी मी रात्र रात्र माहिती शोधत बसायचे. मिळायची ती एकतर नवविवाहित जोडप्यांच्या पॅकेजची, नाहीतर पाठीला सॅक लावून एकट्याने फिरणाऱ्या पोरांची. चाळिशी ओलांडलेल्या, नोकरी आणि घर सांभाळून स्वतःच्या साठवलेल्या पैशांत जाऊ पाहणाऱ्या बायकांनी कुठून सुरुवात करायची, हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून घडलं तसं सगळं लिहितेय.

वैशाली, नीता, शुभदा आणि मी होस्टेलच्या एका खोलीत दोन वर्षं राहिलो, त्याला आता बावीस वर्षं झाली. नंतर भेटी झाल्या त्या लग्नकार्यांत, तास-दोन तासांच्या. जानेवारी २०२४ मध्ये शुभदाचे वडील गेले. त्यांच्या तेराव्याला आम्ही तिघी गेलो होतो. पंगती उठल्यावर ओसरीवर बसलो असताना शुभदाच म्हणाली, "आपण सारखं म्हणतो ना गं, एकदा समुद्रावर जाऊ, फक्त आपण. आता जाऊयाच." त्या दिवशी तिला नाही म्हणणं कुणालाच शक्य नव्हतं, आणि घरी परतल्यावर विसरायचं नाही हेही तिथेच ठरलं.

पहिला प्रश्न पैशांचा. एकरकमी तीस-पस्तीस हजार काढणं चौघींपैकी एकीलाही सोपं नव्हतं. म्हणून भिशी सुरू केली. दर महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येकीने तीन हजार नीताकडे पाठवायचे. नेहमीच्या भिशीत नंबर लागतो, इथे सगळ्यांचा एकदमच लागणार होता. फेब्रुवारी २०२४ ते जानेवारी २०२५ असे बारा हप्ते झाले, म्हणजे प्रत्येकीचे ३६ हजार. मधे दोनदा माझा हप्ता लांबला आणि नीताने एका शब्दाने विचारलं नाही. मैत्रिणींबरोबर जाणार असाल तर पैसे कोण ठेवणार, खर्च कोण लिहिणार आणि न परवडणाऱ्या गोष्टीला "नको" म्हणायची मुभा सगळ्यांना आहे ना, हे आधी बोलून घ्या. आम्ही नियम केला होता: राहणं, जेवण, प्रवास सामायिक. बाकी कुणाला काही जास्तीचं करायचं असेल तर ती आपल्या पैशांनी करेल आणि उरलेल्या तिघी तोंड पाडून बसणार नाहीत.

एका ट्रॅव्हल कंपनीने पाच रात्रींचे विमानासकट माणशी ५२ हजार सांगितले होते. त्यांचा कार्यक्रम वाचूनच दम लागला. रोज सकाळी सहाला गाडी, एका दिवसात तीन ठिकाणं. आम्हाला ठिकाणं कमी आणि दिवस जास्त हवे होते. मग ठरलं की दोनच बेटं करायची, हॅवलॉक आणि नील. बाकी सगळं सोडून द्यायचं. सहल स्वस्तात बसली ती मुख्यतः या एका निर्णयामुळे, असं मला आता वाटतं. अंदमानात बेट बदललं की बोट आली, दोन्हीकडच्या धक्क्यांवर रिक्षा आली, अर्धा दिवस गेला आणि बाहेरचं महागडं जेवण आलं. एका जागी चार रात्री राहिलात की खोलीचं भाडं कमी करून मिळतं आणि कोणत्या खानावळीत पोटभर जेवण मिळतं हेही कळतं.

महिना ठरवणं त्या मानाने सोपं होतं. दरवर्षी मे महिन्यात आपण "मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी वाचतो, तेच हे अंदमान. तिथे पाऊस आपल्या आधी येतो आणि जातो मात्र उशिरा. नोव्हेंबरातही जोराचा पाऊस आणि वादळं होऊ शकतात. डिसेंबर अखेरीस गर्दी आणि भाव दोन्ही टिपेला. म्हणून फेब्रुवारी धरला. ६ ते १६ फेब्रुवारी या काळात मला सात दिवसांची अर्जित रजा लागली. अर्ज सप्टेंबरातच दिला, कारण मार्च जवळ आला की आमच्याकडे रजा म्हटलं की साहेबांच्या कपाळाला आठ्या पडतात.

२१ सप्टेंबर २०२४ ला विमानाची तिकिटं काढली. आपापल्या गावाहून चेन्नई आणि तिथून पुढे एकत्र. जाऊन-येऊन सरासरी १३,८०० रुपये पडले. भारतीय नागरिकाला अंदमानच्या नेहमीच्या पर्यटन बेटांवर जायला परवाना लागत नाही. निकोबार आणि आदिवासींसाठी राखीव भाग बंद आहेत, त्या वाटेला जायचंच नाही. त्यामुळे कागदपत्रांचा त्रास नाही असं समजून आम्ही निर्धास्त होतो.

त्रास निघाला तो नीताच्या नावात. तिकीट तिच्या सासरच्या नावाने काढलं आणि आधार कार्डावर माहेरचं नाव. लग्नाला अठरा वर्षं झाली, बँकेत नाव बदललं, पॅनवर बदललं, आधार तेवढं राहून गेलं होतं. पॅनवर भागलं असतं, पण बोटीला आणि लॉजवर सगळीकडे आधारच दाखवायचं मनात होतं, आणि दोन ओळखपत्रांवर दोन नावं घेऊन फिरायला ती तयार नव्हती. तिने आधार केंद्राची वेळ घेतली. पहिल्या खेपेला विवाह नोंदणी दाखल्याची झेरॉक्स घेऊन गेली आणि परत आली. तिथे मूळ दाखला स्कॅन करतात, झेरॉक्स चालत नाही. दुसऱ्या खेपेला काम झालं, शुल्क तेव्हा ५० रुपये होतं. पावतीवर अर्जाचा क्रमांक असतो, त्यावरून संकेतस्थळावर स्थिती बघता येते. तिचं नाव बदलून यायला सतरा दिवस लागले. तेवढे दिवस ती रोज सकाळी चहाच्या आधी तो क्रमांक टाकून बघायची. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणी बरोबर असतील तर तिकीट काढण्याआधी सगळ्यांची ओळखपत्रं एकत्र ठेवून नावं वाचून घ्या. अक्षरन् अक्षर.

६ फेब्रुवारीला सकाळी विमान उतरायला लागलं तेव्हा खाली हिरवी बेटं आणि त्यांच्याभोवती फिक्या निळ्या पाण्याची कडा दिसली. शुभदा खिडकीशी होती. ती काहीच बोलली नाही, फक्त मागे हात करून माझी बोटं धरली. विमानतळाचं नाव वीर सावरकर. शहराचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये बदलून श्री विजयपुरम झालंय, पण रिक्षावाल्यांपासून लॉजवाल्यांपर्यंत सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात. तसंच हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप. दोन्ही नावं लक्षात ठेवा, कारण तिकिटावर एक आणि बोलण्यात दुसरं असं होतं.

सामान लॉजवर टाकून आम्ही थेट फिनिक्स बेच्या धक्क्यावर गेलो, सरकारी बोटीच्या तिकिटांसाठी. हॅवलॉकला खासगी वेगवान बोटी दीड तासात नेतात, सरकारी बोटीला अडीच तास लागतात. खासगीचं तिकीट साधारण दीड हजाराच्या घरात, सरकारीला त्याच्या निम्म्याहून कमी. पण सरकारी बोट तिथल्या लोकांच्या जाण्या-येण्यासाठी आहे. त्यांचा दवाखाना, बाजार, शाळा सगळं तिच्यावर चालतं. आपण उरलेल्या जागांवर जातो, हे मनात धरून गेलं की रांगेत चिडचिड होत नाही.

खिडकीवर छापील फॉर्म मिळतो. नाव, वय, ओळखपत्राचा क्रमांक, स्थानिक की बाहेरचे, कोणत्या तारखेची कोणती बोट. सोबत प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स. आमच्याकडे तीनच झेरॉक्स होत्या. वैशालीची चेन्नईला बॅग बदलताना राहिली होती. रांग सोडून बाहेर पडलो, झेरॉक्सचं दुकान शोधलं, परत येऊन पुन्हा शेवटी उभ्या राहिलो. एकूण दोन तास गेले, आणि नंबर आला तोवर ८ तारखेच्या सकाळच्या बोटीच्या जागा संपल्या होत्या. दुपारच्या बोटीच्या मिळाल्या. म्हणजे हॅवलॉकचा एक अख्खा दिवस कमी झाला, तोही एका रुपयाच्या झेरॉक्सपायी. प्रत्येकीच्या ओळखपत्राच्या सहा-सहा प्रती घेऊन निघा आणि त्या चार वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. पुढे लॉजवर, स्कूटर घेताना, डाइव्हच्या दुकानात, सगळीकडे त्या लागल्या.

७ तारीख मोकळी होती. सेल्युलर जेलला गेलो. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधलेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी आज तीनच उभ्या आहेत. तिसऱ्या मजल्यावर टोकाला सावरकरांची कोठडी आहे, तिथे आपल्याकडून आलेली बरीच माणसं चपला बाहेर काढून आत जात होती. १९११ साली त्यांना इथे आणलं. बाबाराव, त्यांचे थोरले बंधू, आधीपासून याच भिंतींच्या आत होते. कोठडीतून समोर दिसते ती दुसऱ्या भुजेची पाठ. समुद्र इतका जवळ असून दिसत नाही. सहलीला म्हणून आलेल्या आम्ही तिथून बाहेर पडल्यावर बराच वेळ गप्प होतो. तुरुंग कोणत्या दिवशी बंद असतो, तेवढं आधी बघून दिवस ठरवा.

८ तारखेला दुपारची बोट. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घेतली होती (आधी डॉक्टरांना विचारून, कारण नीताला रक्तदाबाची गोळी चालू आहे). बोटीच्या मध्यभागी बसलं की हेलकावे कमी लागतात. हॅवलॉकला उतरलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते, आणि सामान घेऊन झोपडीवर पोचेपर्यंत चक्क अंधार पडायला लागला. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. घड्याळ आपलंच आहे, पण अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला. फेब्रुवारीत पावणेसहाच्या आत उजाडतं आणि साडेपाचच्या आत-बाहेर सूर्य मावळतो. नऊला आरामात न्याहारी करून निघालात तर दिवसाचा सगळ्यात चांगला भाग गेलेला असतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाचला उठायला लागलो आणि रात्री नऊला झोपायला. घरी कधी जमत नाही ते तिथे आपोआप जमलं.

आमच्या दोन बांबूच्या झोपड्या विजयनगरच्या किनाऱ्याजवळ होत्या, एकीचं भाडं रात्रीला १,८००. पंखा, मच्छरदाणी, स्वच्छ संडास-बाथरूम, दारात नारळाची झाडं. फोनवर ठरवताना मी तीन गोष्टी विचारल्या होत्या: अंघोळीचं पाणी गोडं आहे का, वीज गेली तर जनरेटर आहे का आणि किनारा चालत किती मिनिटांवर. आगाऊ फक्त एका रात्रीचे पैसे पाठवले. तेवढंच पाठवा. उरलेले जागा बघून.

९ तारखेला राधानगरच्या पुळणीवर गेलो. धक्क्यापासून सरकारी बस जाते, रिक्षाच्या मानाने अगदी किरकोळ भाड्यात. हाच तो सात नंबरचा बीच, टाइम मासिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम म्हणून निवडलेला. झाडांच्या सावलीतून बाहेर पडलं की एकदम समोर पांढऱ्या वाळूचा रुंद पट्टा येतो आणि पाणी असं की कंबरेपर्यंत उभं राहूनही पायाची नखं दिसतात. चौघीही सलवार-कुर्त्यात पाण्यात बसलो. कुणी बघतंय का, कपडे चिकटतात का, हा विचार पहिली दहा मिनिटं होता. मग गेला. नीता माहेरची कोकणातली, तिला पाण्याचं नवल नाही. पण तीही म्हणाली, "आईशप्पथ, आमच्याकडे समुद्रावर मासे घ्यायला जायचं, असं बसायला कधी गेलेच नाही."

किनाऱ्यावर मगरींची सूचना देणाऱ्या पाट्या आहेत. त्या शोभेच्या नाहीत. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, त्यांनी माणसं मारलेलीही आहेत. जीवरक्षक बसतात त्याच पट्ट्यात उतरायचं, खाडीच्या तोंडाकडे जायचं नाही आणि शिट्टी वाजली की बाहेर यायचं. आणि वाळूतल्या बारीक माश्या. चावताना कळत नाही, रात्री पाय खाजून खाजून लाल होतात. ओल्या वाळूवर थेट बसू नका, पायांना खोबरेल तेल लावा, खाजेचं मलम घरून न्या.

आता १० तारखेबद्दल जरा सविस्तर, कारण मला सगळ्यात जास्त भीती याच दिवसाची होती. मला पोहता येत नाही. स्कूबा डाइव्हिंगला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जायला, पोहता यावंच लागतं असं मी धरून चालले होते. पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी जी डाइव्ह असते तिला ते लागत नाही, प्रशिक्षक पूर्ण वेळ तुमच्या टाकीला धरून असतो. चार हजार रुपये, फोटोंसकट.

आधी एक फॉर्म भरायचा असतो. दमा, कान, सायनस, हृदय, रक्तदाब, फिट, नुकतंच झालेलं ऑपरेशन असे बरेच प्रश्न. एकाही प्रश्नाला "हो" आलं तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. नीताने रक्तदाबाचं प्रमाणपत्र घरूनच आणलं होतं, कारण तिने फॉर्म आधी मागवून वाचला होता. शुभदाला लहानपणी दमा होता, अधूनमधून अजूनही पंप लागतो. पेन हातात घेऊन ती त्या प्रश्नापाशी थांबली. शेजारची एक बाई सहज म्हणाली, "नाही लिहा हो, कोण बघतंय." शुभदाने "हो" वर खूण केली. प्रशिक्षकाने फॉर्म वाचला आणि हात जोडून सांगितलं की प्रमाणपत्राशिवाय नेता येणार नाही. ती "बरोबर आहे" म्हणाली आणि किनाऱ्यावर आमच्या चपला राखत बसली. मला फार वाईट वाटलं. पण पाण्याखाली दाबाखालची हवा फुप्फुसात अडकली तर काय होऊ शकतं, हे नंतर प्रशिक्षकाने समजावलं तेव्हा वाटलं, तिने केलं तेच योग्य. तुम्हाला यातलं काही असेल तर निघण्याआधी महिनाभर डॉक्टरांकडे जा. बेटावर ऐनवेळी असं प्रमाणपत्र मिळवणं कठीण.

कंबरेएवढ्या पाण्यात अर्धा तास सराव झाला. तोंडाने श्वास घ्यायचा, तोंडानेच सोडायचा. चष्म्यात पाणी शिरलं तर वरची कड दाबून नाकाने हवा सोडायची. कान दुखायला लागले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दर मीटरभर खाली गेल्यावर, दुखायची वाट न बघता. आणि खुणा. अंगठा वर म्हणजे "छान" नव्हे, "वर न्या". छान असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. मी पहिल्या पाच मिनिटांत आनंदाने अंगठा दाखवला आणि त्याने मला तत्काळ वर आणलं.

दुसऱ्यांदा खाली गेले तेव्हा कानात टुक असा आवाज झाला आणि मग सगळं शांत. फक्त माझा श्वास ऐकू येत होता, शेगडीवर मंद आचेला पाणी उकळावं तसा. समुद्रफुलांच्या झुबक्यात दोन केशरी-पांढरे क्लाउनफिश होते. मी अगदी जवळ गेले तसा त्यातला मोठा पुढे आला आणि माझ्या चष्म्याच्या काचेसमोर थांबला, बोटभर अंतरावर. त्याचे कल्ले हलत होते, कल्ल्यामागची काळी रेघ दिसत होती. तो घर राखत होता. किती वेळ गेला कळलं नाही. वर आल्यावर प्रशिक्षकाने मनगटावरचं खोली मोजणारं यंत्र पुढे केलं, सर्वांत खोल ७.८ मीटर. मी रडले, चष्म्याच्या आतच.

एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त केल्या तर १८ तास विमानात बसायचं नसतं. म्हणून डाइव्ह परतीच्या आदल्या दिवसावर कधीच ठेवू नका.

११ तारखेला वैशालीला एलिफंट बीचला जायचं होतं, बोटीचा आणि स्नॉर्केलिंगचा खर्च वेगळा. मला आणि नीताला तेवढे पैसे घालायचे नव्हते. नियम कामाला आला. शुभदा तिच्याबरोबर गेली, मुखवटा लावून पाण्यावर तरंगत तिने खालची प्रवाळं बघितली आणि संध्याकाळभर तेच सांगत होती. आम्ही दोघींनी स्कूटर घेतली आणि कालापत्थरच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आलो. स्कूटरला मूळ लायसन्स दाखवावं लागतं. आमच्यात ते दोघींकडेच होतं.

नीलला १२ तारखेला गेलो, पुन्हा सरकारी बोटीने. हे तिकीट हॅवलॉकच्या धक्क्यावर तीन दिवस आधी काढून ठेवलं होतं. झेरॉक्स लावून! नील इतकं लहान आहे की सायकलने एका दिवसात सगळं होतं. वस्ती मुख्यतः पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांची, आणि गावांची नावं रामायणातली: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाजीचे मळे. अंदमानला भाजी पुरवणारं बेट हे. आमची घरमालकीण, आम्ही तिला दीदी म्हणायचो, संध्याकाळी मळ्यातून वांगी आणायची आणि सकाळी तीच ताटात असायची. खोली १,४०० रुपये, तेही रोख. मोबाइलवरून पैसे पाठवणं बऱ्याच ठिकाणी चालतं, पण रेंज गेली की तासन् तास येत नाही. माणशी पाच-सहा हजार रोख जवळ असू द्या.

नीलला आलो त्या दिवशी माघ पौर्णिमा होती. चांदण्यात समुद्र इतका उजळ होता की किनाऱ्यावर बसून एकमेकींचे चेहरे दिसत होते. लाटांमधल्या बारीक जिवांचा निळा प्रकाश मात्र त्यामुळे दिसला नाही. तो बघायचा असेल तर अमावस्येच्या आसपास जा. नीलवरचा नैसर्गिक पूल, म्हणजे खडकाची कमान, बघायचा असेल तर पौर्णिमा-अमावस्या दोन्ही चांगल्या, कारण तेव्हा ओहोटी खोल जाते. नीताने कोकणातला हिशोब मांडला, "पुनवेला बाराच्या सुमारास भरती, म्हणजे सहाला ओहोटी." दीदी म्हणाली, इथे तसं नाही, वेळ बरीच अलीकडे येते. १३ तारखेला दुपारी साडेतीनला निघालो आणि चारनंतर पाणी पार मागे गेलेलं होतं. निसरड्या खडकांवरून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं, साध्या चपला घालून जाऊ नका. स्थानिक लोक या कमानीला हावडा ब्रिज म्हणतात. खडकांमधल्या डबक्यांत काळ्या समुद्रकाकड्या, बोटाएवढे खेकडे, दगडाखाली सरकणारे सापासारख्या हातांचे तारामासे. वाटाड्या एकेक दाखवत होता आणि उचललेला दगड होता तसाच परत ठेवत होता.

तिथेच वैशालीने मेलेल्या प्रवाळाचा एक सुंदर तुकडा उचलला, मुलीसाठी. पांढरा, जाळीदार. तो ठेवून दे म्हणताना मला जड गेलं, कारण ती रागावेल असं वाटत होतं. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, मेलेलंही, आणि विमानतळावर सामानात सापडलं तर अडकता. तिने तुकडा पाण्यात ठेवला, आणि मुलीसाठी त्याचा फोटो काढला.

१४ तारखेला आम्ही काहीही केलं नाही. भरतपूरला झाडाखाली चटई टाकून पडलो. शुभदा वडिलांबद्दल बोलली, वर्षभरात पहिल्यांदाच इतकं. ही एक रिकामी दुपार कार्यक्रमात मुद्दाम ठेवली होती म्हणून ते झालं.

१५ ला परत पोर्ट ब्लेअर. सरकारी बोटीच्या जागा नव्हत्या, म्हणून खासगी काढली, १,६०० रुपये. ती दीड तास उशिरा सुटली आणि का ते कुणी सांगितलं नाही. आमचं विमान १६ ला होतं म्हणून जीव भांड्यात होता. धक्क्यावर एक कुटुंब त्याच दिवशीच्या विमानासाठी धावत होतं, त्या आईचा चेहरा अजून आठवतो. बोट आणि विमान एका दिवशी ठेवू नका, कितीही पैसे वाचत असले तरी.

वहीतला माझा खर्च असा: विमान १३,८००, दहा रात्रींचं राहणं ८,१००, तिन्ही बोटी मिळून २,६००, जेवणखाण ६,३००, रिक्षा-बस-स्कूटर-सायकल १,९००, डाइव्ह ४,०००, बाकी किरकोळ १,१००. एकूण ३७,८००. भिशीच्या वर १,८०० घालावे लागले. डाइव्ह न केलेल्या शुभदाचे भिशीत पैसे उरले, ते नीताने चेन्नईच्या विमानतळावर चहा पिताना तिला मोजून दिले.

त्या पैशांतून शुभदाने ४ मार्चला छातीच्या डॉक्टरांकडे फुप्फुसांची तपासणी करून घेतली. त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली नाही, पंपाचं औषध बदलून दिलंय आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. डाइव्हच्या दुकानातला कोरा फॉर्म तिने मागून आणला होता. तो तिने त्या डॉक्टरांच्या फाइलमध्येच लावून ठेवलाय.